स्नेहलआत्तीचे सव्वाचार सेकंद

"आत्ती, चहा घेणार?" या प्रश्नाचं उत्तर यायला सव्वाचार सेकंद लागत. नभानं ते मोजलं होतं, आणि एकदा नव्हे, एकोणतीस वेळा. कमीत कमी पावणेचार, जास्तीत जास्त पाच, सरासरी सव्वाचार. घरातल्यांना त्याची इतकी सवय झाली होती की विचारणारा माणूस प्रश्न टाकून सरळ पाठ फिरवायचा, गाळणी शोधायचा, कप विसळायचा, आणि मागे वळेपर्यंत "अर्धाच दे" असं उत्तर हवेत आलेलं असायचं.

इचलकरंजीकडं आत्याला आत्ती म्हणतात, आणि दोन हजार एकसष्ट सालातही म्हणतच होते. स्नेहलआत्ती म्हणजे नभाच्या वडिलांची थोरली बहीण. वय बावन्न, उंची पाच फूट, आवाज सात फूट. ती नभाच्याच शाळेत मुलींना खो-खो शिकवायची आणि तिच्या कमरेला डबी होती.

डबी म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय पुढं जाता यायचं नाही. शेचाळीस साली एक मेंदूताप येऊन गेला. ताप आठवड्यात उतरायचा, पण जाताना मेंदूतली एक बारीकशी जागा सोबत घेऊन जायचा. नव्या गोष्टी पक्क्या करून ठेवणारी जागा. माणूस तोच राहायचा. स्वभाव तोच, पाढे पाठ, पोहणं येतंय, बालवाडीतल्या बाईंचं नावही आठवतंय. फक्त सकाळचं दुपारी आठवत नाही, मघाचं आत्ता आठवत नाही. यावर शास्त्रज्ञांनी तोडगा काढला. कवटीच्या आत तांदळाच्या दाण्याएवढा 'सेतू', आणि कमरेला काजळाच्या डबीहून जरा मोठं यंत्र, ज्यात काचेची एक चकती फिरत असते. नवी आठवण मेंदूतून सेतूवर जाते, सेतूवरून चकतीवर, आणि लागेल तेव्हा त्याच वाटेनं परत येते. सरकारी कागदांवर याचं नाव 'स्मृतिसंपुट' असं होतं, पण एवढं मोठं नाव घेणार कोण? सगळे डबीच म्हणायचे.

आता चहाचा प्रश्न. चहा घेणार का, हे सांगायला आधी आपण आत्ताच घेतला का हे आठवावं लागतं. ते चकतीवर. म्हणून उशीर. मैदानावर तर आणखी पंचाईत. कोण कुठल्या दिशेनं निघालं होतं, तेच लक्षात नसेल तर तिनं मधेच दिशा बदलली हे कळणार कसं? आत्तीला कळायचं, अगदी बरोबर कळायचं, पण सव्वाचार सेकंदांनी. तोवर फाउल करणारी मुलगी खांबाला वळसा घालून परत आलेली असायची आणि शिट्टी भलत्याच मुलीच्या कानात वाजायची.

"ही शिट्टी आत्ताची का मघाची?" नभाची मैत्रीण गार्गी विचारायची.

"मघाची. आत्ताची येतेय अजून," नभा सांगायची. आणि अख्खा संघ जागच्या जागी थांबून आत्तीच्या शिट्टीची वाट बघायचा. कुणी कधी कुरकुर केली नाही. आत्तीनं त्यांना पळायला शिकवलं होतं, त्यांनी आत्तीसाठी थांबायला शिकून घेतलं होतं.

पण स्मृतिसेवा केंद्र थांबणारं नव्हतं. डबीवाल्यांची दर वर्षी 'तत्परता चाचणी' व्हायची. लहान मुलांची जबाबदारी असलेल्या माणसाचं उत्तर दोन सेकंदांत यायलाच हवं असा नियम होता. यंदा आत्ती नापास झाली. केंद्राकडून पत्र आलं : सेतू थकला आहे, बदलावा लागेल, नाहीतर मैदान सोडावं लागेल. सेतू बदलायचा म्हणजे कवटी उघडायची. आणि अशा बारा जणांपैकी एकाला शस्त्रक्रियेनंतर जुने चेहरे ओळखू येत नाहीत, हेही पत्रातच लिहिलं होतं, जरा बारीक अक्षरात.

"बारात एक म्हणजे कायच नाही," आत्ती म्हणाली होती. "मी मैदान सोडून घरात बसून काय करू, वाती वळू?" आणि तिनं सही करून टाकली. शस्त्रक्रिया पुढच्या सोमवारी होती.

नभाला मात्र तो एक दिसत होता. बारा जण रांगेत बसलेत आणि त्यातल्या एका जागेवर आत्ती आहे, उठून वळते आणि नभाकडं अनोळखी माणसाकडं बघावं तसं बघते.

मंगळवारी दुपारी केंद्रातून डॉक्टर तबस्सुम मुल्ला आल्या. शस्त्रक्रियेआधीची मोजमापं घ्यायला. तिशीच्या होत्या, डोक्यावरची ओढणी पुन्हापुन्हा सावरत होत्या, आणि चपला काढताना त्यांनी "मांजर आहे का घरात?" असं घाबरून विचारलं म्हणून नभाला त्या एकदम आवडून गेल्या. त्यांनी आत्तीच्या डबीला एक तार जोडली, मांडीवरच्या पाटीसारख्या पडद्यावर आकडे उमटू लागले.

"अक्का, आपल्याला उत्तर द्यायला उशीर होतोय असं तुम्हाला स्वतःला वाटतं का?"

चार सेकंद शांतता.

"नाही," आत्ती म्हणाली. "मला वाटतं तुम्हीच सगळे घाईत आहात."

तबस्सुम हसल्या, आणि पडद्याकडं बघून गंभीर झाल्या. "सेतूची व्यस्तता चौऱ्याण्णव टक्के. साठच्या वर गेलं की बदलायचा असतो."

"मॅडम, आत्ती मंद नाहीये," नभा म्हणाली.

"मी कुठं म्हटलं तसं?"

"पत्रात म्हटलंय."

"पत्र मी नाही लिहिलं. आकडा बघून यंत्रच लिहितं."

"मग यंत्राला एक गंमत दाखवते. आत्ती, तेवीस सत्ते?"

"एकशे एकसष्ट," आत्ती म्हणाली. नभाचं वाक्य संपायच्या आत.

"आत्ती, काल भाजी कुठली होती?"

एक, दोन, तीन, चार. "दोडका. तू ताटाखाली लपवलास."

"बघितलंत? ती विचार करायला हळू नाहीये. पाढे तापाच्या आधीचे, ते मेंदूतच आहेत, ते पटकन येतात. डबीतलं काही लागलं की थांबते. मग थकलाय कोण?"

तबस्सुमनी मान तिरकी केली. "सेतूच. आकडा सांगतोय ना, चौऱ्याण्णव टक्के वेळ तो मोकळा नसतो."

"मोकळा नसणं म्हणजे काम करणं का?"

"म्हणजे?"

नभा उठून उभी राहिली. तिला बसून नीट सांगता यायचं नाही. "खो-खोत पाठलाग करणाऱ्या नऊ जणी असतात. एक पळते, आठ बसलेल्या. बसलेलीला मधेच उठता येत नाही, पाणी प्यायला जाता येत नाही, काही नाही. म्हणजे ती मोकळी नाहीच. पण ती पळत पण नाही. पाठीवर थाप पडून खो मिळायची वाट बघतेय. तुमच्या आकड्यात पळणारी आणि बसलेल्या एकत्रच मोजल्यात का?"

तबस्सुमनी पडद्यावर दोन-तीन ठिकाणी बोट टेकवलं, परत टेकवलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं.

"एकत्रच मोजतो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "नेहमीच तसं मोजत आलोय. वेगळं करून बघितलं तर सेतूचं खरं काम सहा टक्के. बाकी अठ्ठ्याऐंशी टक्के वेळ तो चकतीकडून काहीतरी यायची वाट बघत बसलाय."

"दमलेल्या खेळाडूला बदलतात," आत्ती म्हणाली. चार सेकंदांपूर्वीच्या वाक्याला ते उत्तर होतं, पण अगदी वेळेवर आल्यासारखं वाटलं. "खो न मिळालेल्याला बदलून काय करायचं?"

हे खरं तर सगळ्या यंत्रांच्या बाबतीत होतं. विचार करणारा भाग विजेच्या वेगानं चालतो, साठवणारा भाग त्याच्या तुलनेत बैलगाडी. साठवणीपाशी गर्दी झाली की विचार करणारा हातावर हात ठेवून थांबतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, तोच म्हातारा झाला. मग लोक त्याला बदलतात. नवा येतो, तोही त्याच दारात थांबतो.

"मग चकती बिघडलीय?" नभाची आई स्वरा चहा घेऊन येता येता म्हणाली.

तबस्सुमनी चकती तपासली. ठणठणीत. एक आठवण वाचायला लागायला हवा तेवढाच वेळ लागत होता. फक्त तिच्यापुढची रांग भली मोठी होती. चकती अखंड काहीतरी वाचत होती, आत्तीनं मागितलेलं नसतानाही.

"काय वाचतेय एवढं?"

"बघू. अक्का, तुमची परवानगी असेल तरच."

चार सेकंद. "बघा की. माझ्यात लपवण्यासारखं काय असणार?"

पडद्यावर यादी उलगडली. प्रत्येक ओळीपुढं एक लाल ठिपका होता.

"या मोहरबंद आठवणी," तबस्सुम म्हणाल्या, आणि मग त्यांना ते समजावून सांगावं लागलं. सुरुवातीच्या डबीवाल्यांना सगळ्यात जास्त त्रास व्हायचा तो दिलेला शब्द विसरल्याचा. कुणाला स्टेशनवर घ्यायला येतो म्हणून सांगितलं आणि गेलेच नाहीत, असं झालं की माणसं कोलमडून पडायची. म्हणून डबी बनवणाऱ्यांनी एक सोय केली. माणसाला मनापासून 'हो, हे माझ्याकडं लागलं' असं वाटलं की त्या आठवणीवर मोहर बसते. मोहरबंद आठवण हरवू नये म्हणून डबी ती दर तासाला एकदा बाहेर काढते, मनापुढं धरते, शाबूत आहे ना बघते, आणि परत ठेवते. तेवढा वेळ बाकी सगळ्यांनी थांबायचं. ज्याला शब्द दिला त्यानं 'झालं ते' म्हणून सांगितलं, आणि डबीवाल्यानं ते कानानं ऐकलं, की मोहर सुटते.

"साधारण माणसाच्या डबीत अशा चाळीस-पन्नास असतात," त्या म्हणाल्या. "अक्कांच्या डबीत नऊ हजार चारशे बारा आहेत."

नभानं मनात गणित केलं. तासाचे सेकंद छत्तीसशे. म्हणजे दर सेकंदाला अडीचाहून जास्त. "आणि एकीला किती वेळ लागतो?"

"सेकंदाचा तिसरा हिस्सा."

"म्हणजे चकती जवळजवळ पूर्ण वेळ यातच."

"पूर्ण वेळ यातच."

आता तिघी मिळून यादी वाचू लागल्या, आणि आत्ती एखाद्या दुसऱ्याच बाईची गोष्ट ऐकावी तशी ऐकत राहिली. 'कदममामांची पाण्याची मोटर नऊला बंद करायची.' 'स्वराची गोळी जेवणाआधी.' 'आरुषला बस लागते, खिडकीची जागा.' 'गार्गीच्या डाव्या घोट्याला पट्टी.' 'शेजारच्या पमीची परीक्षा नऊ तारखेला, विचारायचं कसा गेला पेपर.' आणि अगदी वर, चौदा वर्षांपूर्वीची : 'नभाला उचलताना मानेखाली हात ठेवायचा.'

"आत्ती, मी नववीत आहे," नभा म्हणाली.

चार सेकंद. "ठाऊक आहे की मला. पण कुणी म्हटलं नाही ना, आता नको म्हणून."

मग स्वरा खाली बसली. "हे आम्हीच केलंय," ती तबस्सुमना म्हणाली. "ताप आला तेव्हा वन्सं पार खचल्या होत्या. मी निरुपयोगी झाले म्हणायच्या. डबी बसवणारे डॉक्टर म्हणाले, त्यांच्यावर विसंबा, काहीतरी सोपवत जा. म्हणून आम्ही गल्लीत सगळ्यांना सांगून आलो. जो येईल तो म्हणायचा, अक्का, तेवढं लक्षात ठेवा. यांना बरं वाटायचं. मग आम्हाला सवयच लागली. यांना सांगितलं की आपण विसरायला मोकळे."

"आणि काम झाल्यावर, झालं म्हणून सांगायला?"

स्वरानं फक्त मान हलवली. गल्लीत आजवर कुणी कुणाला 'झालं' म्हणून सांगायला गेलेलं नव्हतं. डबी बनवणाऱ्यांनी सगळ्याचा विचार केला होता, फक्त इचलकरंजीचा नव्हता.

हिशेब केला तर चौदा वर्षांत रोजची जेमतेम दोन वचनं. कुणीच फार मागितलं नव्हतं.

"मग हे पुसून टाका ना," नभा म्हणाली.

"मी नाही पुसू शकत. पुसलं तर अक्कांना आपण काहीतरी विसरतोय असं सतत वाटत राहील, ते फार वाईट. ज्यांनी मागितलं त्यांनीच येऊन सोडवायला हवं." तबस्सुम थांबल्या. "आणि एक गोष्ट आधीच सांगते. दर तासाला मोहर तपासली जाते, तेव्हा त्या माणसाचा चेहराही अक्कांच्या मनापुढं येतो. चौदा वर्षं तुम्ही सगळे दिवसातून निदान चोवीस वेळा त्यांच्या मनात येताय, झोपेतसुद्धा. मोहर सुटली की ते थांबेल. विसरणार नाहीत, ओळख राहील, आठवणी राहतील. पण मनात येणं जे आहे, ते आपलं तुमच्याआमच्यासारखं होईल. आलं तर आलं."

नभाला हे नीटसं कळलं आणि कळलं नाहीही. तिनं आत्तीकडं बघितलं.

"बोलवा सगळ्यांना," सव्वाचार सेकंदांनी आत्ती म्हणाली. "पण त्यांना माझ्यासमोर बसून म्हणू दे. मी समोर बसूनच हो म्हटलं होतं."

बुधवारपासून रोज शाळा सुटल्यावर घरापुढं खुर्च्या मांडल्या गेल्या. तबस्सुमनी प्रत्येकाची यादी वेगळी करून छापून आणली होती. कदममामांची तीनशे चाळीस ओळींची निघाली. ते चष्मा लावून बसले आणि मोठ्यानं वाचू लागले.

"मोटर नऊला बंद करायची. अहो, ती मोटर जळून आठ वर्षं झाली."

"सांगितलं नाहीत," आत्ती म्हणाली.

"झालं ते अक्का. सोडा."

"सुटलं."

"मुलाच्या पत्रिकेला कुंकू लावायचं. त्याचा घटस्फोट पण झाला की. सोडा."

"सुटलं."

लोक हसत होते, आणि हसता हसता मधेच कुणीतरी डोळे पुसत होतं. आपलं नाव, आपली क्षुल्लक कामं, आपली विसरलेली दुखणी कुणीतरी इतकी वर्षं तासातासाला उघडून बघितलीत, हे कागदावर छापून हातात आलं की माणसाला कसं वागायचं ते कळत नाही.

गुरुवारी नभाचे वडील आरुष बसले. त्यांच्या यादीत एक ओळ त्यांनी मागितलेली नव्हती. नाना, म्हणजे आत्तीचे आणि त्यांचे वडील, पाच वर्षांपूर्वी जाताना म्हणाले होते : 'आरुषला सोडून कुठं जाऊ नकोस.'

"हे कोण सोडवणार?" आरुषनी तबस्सुमना विचारलं. "नाना तर नाहीत."

"ज्याच्यासाठी दिलं तो सोडवू शकतो. अक्कांना पटलं तर."

आरुषनी खुर्ची पुढं ओढली. "अक्का, मी पंचेचाळीस वर्षांचा झालो. मला टक्कल पडलंय. नानांना मी समजावतो."

बराच वेळ गेला. तो सव्वाचार सेकंदांपेक्षा नक्कीच जास्त होता, पण त्या दिवशी कुणी मोजत नव्हतं.

"सुटलं," आत्ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी एक आश्चर्य घडलं. अजून निम्मीसुद्धा वचनं सुटली नव्हती, तरी आत्तीचा उशीर सव्वाचारावरून दीड सेकंदावर आला. रांगांचं असंच असतं, तबस्सुम म्हणाल्या. दार गच्च भरलं की एकेक माणूस तासभर अडकतो, आणि थोडीशी गर्दी हटली की बाकीचे भराभर आत जातात. "दीड म्हणजे चाचणीत पास. शस्त्रक्रिया रद्द. इथंच थांबलात तरी चालेल. उरलेली वचनं राहू देत."

घरात एकदम मोकळा श्वास पसरला. ज्यांच्या याद्या वाचायच्या राहिल्या होत्या त्यांना तर फारच आनंद झाला. पमीची आई म्हणाली, बरं झालं बाई, आमची राहू देत. नभानं आपला कागद पटकन चार घड्या करून पाठीमागं धरला. सहाशे अकरा ओळी होत्या त्यावर. कुणाला द्यायच्या नव्हत्या तिला.

"थांबू नका," आत्ती म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघू लागले.

"अंग हलकं वाटतंय," ती म्हणाली. तिचा चेहरा कुणी कधी बघितला नव्हता तसा झाला होता, भर उन्हातून येऊन पाण्यात पाय सोडावेत तसा. "मला वाटायचं सगळ्यांनाच असं जड असतं. पुढचं वाचा."

शनिवारी दुपारी नभाची पाळी आली. तिला 'नाही' म्हणता आलं असतं. कुणी तिला बोललं नसतं, आत्ती तर मुळीच नाही. ती खुर्चीवर बसली आणि खालून वर वाचू लागली. बुटाचा नंबर. चित्रकलेची वही. अंधाराची भीती, दिवा चालू ठेवायचा. दुसरीतल्या बाईंशी बोलायचं. पडलेला दात जपून ठेवायचा. आत्ती 'सुटलं, सुटलं' म्हणत होती, आता अगदी भराभर, आणि प्रत्येक शब्दाबरोबर नभाला वाटत होतं की आपण एकेक पायरी उतरतोय आणि खाली काय आहे ते दिसत नाहीये. शेवटची ओळ आली.

"नभाला उचलताना मानेखाली हात ठेवायचा," तिनं वाचलं. "आत्ती, माझी मान आता घट्ट आहे."

"सुटलं," आत्ती म्हणाली, आणि हसून पमीच्या आईकडं वळली. "या, तुमचं वाचा."

सोमवारी चाचणीत आत्तीचं उत्तर चार दशांश सेकंदात आलं. केंद्रानं व्यस्ततेचा आकडा मोजायची पद्धत बदलली, आणि तबस्सुमनी फोन करून सांगितलं की त्या एका महिन्यात एकवीस जणांच्या कवट्या उघडायच्या वाचल्या. मैदानावर शिट्टी आता पाय चुकीचा पडायच्या आधीच वाजते की काय असं वाटायचं. मुलींची पार भंबेरी उडाली. त्यांना थांबायची सवय होती, आता थांबलं की ओरडा बसायचा. आत्ती चपळ झाली होती, विनोद करत होती, नवे डाव बसवत होती. ती इतकी छान दिसत होती की तक्रार काय करणार?

त्यानंतर तीन आठवड्यांनी धाराशिवहून फोन आला. राज्याच्या मुलींच्या संघाचं वर्षभराचं शिबिर होतं, प्रशिक्षक म्हणून याल का? फोन स्वयंपाकघरात सगळ्यांसमोरच चालू होता. स्वराचा हात कणकेत थांबला. आरुषनी वर बघितलं. सवयीनं सगळेच वाट बघू लागले, त्या थांबण्याची, ज्यात आजवर ते सगळे असायचे.

"येईन," आत्ती म्हणाली. आणि लगेच, "गाडी किती वाजता असते?"

सोमवारी सकाळी सात वाजता स्टँडवर चौदा माणसं तिला पोचवायला आली. विजेची बस आवाज न करता उभी होती. निरोपाची वेळ आणि कुणालाच बोलता येईना. कारण जे जे तोंडाशी येत होतं ते सगळं एकाच जातीचं होतं.

"वन्सं, पोचलात की..." स्वरा म्हणाली आणि ओठ मिटून घेतले.

"काय गं?"

"काही नाही."

"अक्का, जरा..." कदममामा म्हणाले.

"बोला."

"जरा सरका. बॅग ठेवतो."

पोचल्यावर फोन करा, वेळेवर जेवा, आम्हाला विसरू नका. एकेक वाक्य एकेका मोहरेएवढं. आत्ती हो म्हणाली असती, मनापासून म्हणाली असती, आणि ते पुन्हा तिच्या कमरेला लटकलं असतं. माया करायची दुसरी रीत त्यांच्यातल्या कुणाला येत नव्हती. म्हणून चौदा जण गप्प उभे राहिले.

"आत्ती, तिकडं थंडी असते," नभा अखेर म्हणाली. यात मागणं काही नव्हतं, तिनं दोनदा तपासून बघितलं होतं.

"असू दे की," आत्ती म्हणाली, आणि तिच्या गालाला हात लावून बसमध्ये चढली.

परत येताना नभानं मनाशी ठरवून टाकलं. आत्तीनं जे चौदा वर्षं केलं ते आपण करायचं. दर तासाला एकदा, न चुकता, आत्तीला मनापुढं आणायचं. डबी नसली म्हणून काय झालं? आठ वाजता ती शाळेच्या प्रार्थनेत उभी होती. तिनं डोळे मिटले आणि आत्तीला बघितलं, खिडकीपाशी, बस जयसिंगपूरच्या पुढं गेली असेल. नऊला इतिहासाच्या तासाला बघितलं. दहाला बघितलं. अकराला बाई फळ्यावर लिहीत असताना तिनं घड्याळाकडं नजर टाकली आणि बघितलं, आणि तिला स्वतःचा फार अभिमान वाटला.

मग दीड वाजता, डबा उघडताना, तिच्या लक्षात आलं की बारा वाजून गेले होते, आणि एकही वाजून गेला होता. मधे मैदानावर होत्या सगळ्या, गार्गीनं खांबापाशी सुंदर झेप घेतली होती, खेळ रंगात आला होता, आणि आत्ती तिच्या मनात आली नव्हती.